‘प्रश्न उद्भवत नाही’

विधिमंडळाचे अधिवेशन चालू असले की सदस्यांच्या हाती रोज प्रश्नांची छापील यादी पडते. या यादीतील प्रत्येक प्रश्नाची घडण ठरलेली असते. अमुक बाब खरी आहे काय, असल्यास त्याची सर्वसाधारण कारणे काय, शासनाने याबाबत कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, आणि सरतेशेवटी, नसल्यास विलंबाची कारणे काय आहेत. उत्तरांचा साचाही तितकाच पक्का आहे. ‘होय’. ‘हे खरे नाही’. ‘हे अंशतः खरे आहे’. आणि पहिल्याच उपप्रश्नाला ‘हे खरे नाही’ असे म्हणून टाकले की उरलेल्या सर्व उपप्रश्नांपुढे एकच वाक्य येते: ‘प्रश्न उद्भवत नाही’. मराठी गद्यात इतक्या थोड्या शब्दांत इतकी मोठी जबाबदारी झटकणारे दुसरे वाक्य शोधून सापडायचे नाही.

वस्तुतः हे वाक्य तार्किकदृष्ट्या निर्दोष आहे. रुग्णालयात औषधे नव्हती हेच खरे नसेल, तर ती का नव्हती हा प्रश्न कसा उद्भवणार? पण ज्याच्या हातात बाहेरच्या दुकानातून औषध आणण्याची चिठ्ठी दिली गेली, त्याच्यापुरता तो प्रश्न केव्हाच उद्भवलेला असतो. सभागृहातील विरोधी सदस्याचे काम या दोन टोकांच्या मधले आहे. गावात उद्भवलेला प्रश्न सभागृहातही उद्भवायला लावणे, हे ते काम. ते आरडाओरड्याने होत नाही, कागदाने होते. आणि ते एका अधिवेशनात संपत नाही, याचा विसर आपल्याकडे सर्वच पक्षांना पडत चालला आहे.

आरोग्य आणि परिवहन ही दोन खाती या दृष्टीने तपासून पाहण्यासारखी आहेत. मंत्रालयात त्यांचे मंत्री वेगळे, सचिव वेगळे, अर्थसंकल्पातील शीर्षे वेगळी. परंतु डोंगराळ तालुक्यातील एखाद्या आजारी माणसासाठी ही दोन खाती नसतात, तो एकच रस्ता असतो. मैदानी भागात साधारणतः तीस हजार आणि आदिवासी वा डोंगरी भागात वीस हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा निकष आहे. त्या केंद्रातून ग्रामीण रुग्णालय, तेथून उपजिल्हा वा जिल्हा रुग्णालय अशी चढती भाजणी आहे. कागदावर ही रचना उत्तम आहे. मात्र पहिल्या पायरीवरून दुसऱ्या पायरीवर जायचे कसे, हे आरोग्य खात्याच्या कागदावर नसते. ते एसटीच्या वेळापत्रकात असते. २०१४ मध्ये राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली, तिच्यात ९३७ रुग्णवाहिका होत्या आणि तिने असंख्य जीव वाचवले, हे निर्विवाद आहे. पण ती आणीबाणीच्या प्रसंगाची सोय. दर महिन्याला रक्तदाबाची गोळी आणायला जाणारा म्हातारा, तपासणीसाठी जाणारी गर्भवती, डायलिसिससाठी आठवड्यातून दोनतीनदा जिल्ह्याच्या गावी जाणारा रुग्ण, हे १०८ ला दूरध्वनी करीत नाहीत. ते एसटीची वाट पाहतात. गावची मुक्कामी गाडी बंद झाली, तर आरोग्य केंद्रात डॉक्टर असूनही ते त्या गावापुरते बंदच होते. हा प्रश्न कोणत्या मंत्र्याला विचारायचा?

दोन्ही खात्यांना एकाच वेळी जाब विचारण्याचा प्रसंग महाराष्ट्रात २०२१ साली आला. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षाला आग लागली. कक्षात १७ बालके होती. त्यांतील सात वाचवता आली, दहा दगावली. तेव्हाचे विरोधी पक्षनेते देवेंद्र फडणवीस भंडाऱ्याला गेले, मुख्यमंत्री उद्धव ठाकरेही गेले, आरोग्यमंत्री राजेश टोपे गेले. प्रत्येक बालकामागे पाच लाखांची मदत जाहीर झाली, चौकशी समिती नेमली गेली, जिल्हा शल्यचिकित्सकापासून परिचारिकांपर्यंत काहींवर कारवाई झाली. आणि राज्यातील सर्व शासकीय रुग्णालयांचे अग्निसुरक्षा परीक्षण, ज्याला ‘फायर ऑडिट’ या नावाने सगळे ओळखू लागले, तातडीने करण्याचे आदेश निघाले.

मार्चमध्ये अर्थसंकल्पी अधिवेशन भरले. विरोधकांच्या हाती भंडारा होते. परंतु त्या अधिवेशनाचे मथळे अँटिलिया प्रकरणाने व्यापले. ते प्रकरण गंभीर होतेच; विरोधी पक्षाने ते धसास लावले आणि त्यातून पुढे गृहमंत्र्यांना जावे लागले, हे विरोधी पक्षाच्या कर्तृत्वाच्या खात्यावर जमा आहे. पण जे खळबळजनक असते ते आपसूक पुढे रेटले जाते, आणि ‘किती रुग्णालयांचे परीक्षण झाले, कितींत त्रुटी आढळल्या, त्या दूर करण्यासाठी किती निधी वितरित झाला’ हा रुक्ष प्रश्न मागे पडतो. त्या प्रश्नाला मथळा मिळत नाही.

त्यानंतरचा घटनाक्रम नुसत्या तारखांनी सांगता येतो. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीतून गळती होऊन किमान २२ रुग्ण गेले. रुग्णालय महापालिकेचे, महापालिकेत सत्ता भाजपची, राज्यात महाविकास आघाडीची. त्यामुळे बोट दाखवायला दोन्ही बाजूंना जागा होती आणि दोघांनीही ती वापरली. दोनच दिवसांनी विरारच्या एका खासगी रुग्णालयाचा अतिदक्षता कक्ष जळाला. आणि ६ नोव्हेंबर २०२१ रोजी, ऐन दिवाळीत, तेव्हाच्या अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता कक्षाला आग लागून अकरा रुग्ण मृत्युमुखी पडले. हे रुग्णालय थेट राज्याच्या आरोग्य खात्याचे होते. भंडाऱ्याला दहा महिने झाले होते. कक्ष नवा होता, कोविडसाठीच उभारलेला. अटक झाली ती एका वैद्यकीय अधिकाऱ्याला आणि परिचारिकांना.

त्या दहा महिन्यांत सभागृहात काय घडत होते? उत्तर असे की, सभागृह जेमतेमच भरत होते. कोविडचे कारण खरे होते, नाकारण्यासारखे नव्हते. तथापि सप्टेंबर २०२० चे पावसाळी अधिवेशन दोन दिवसांचे, डिसेंबर २०२० चे हिवाळी अधिवेशन नागपूरऐवजी मुंबईत आणि दोनच दिवसांचे, जुलै २०२१ चे पावसाळी अधिवेशन पुन्हा दोन दिवसांचे. या आखूड अधिवेशनांत प्रश्नोत्तराच्या तासालाच कात्री लागली. राज्याच्या इतिहासात आरोग्य खात्याला प्रश्न विचारण्याची सर्वाधिक निकड ज्या काळात होती, त्याच काळात प्रश्नोत्तराचा तास नव्हता. ५ जुलै २०२१ रोजी भाजपच्या बारा आमदारांना एक वर्षासाठी निलंबित करण्यात आले. दुसऱ्या दिवशी विरोधकांनी सभागृहाबाहेर प्रतिविधानसभा भरवली. ते निलंबन सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०२२ रोजी रद्दबातल ठरवले, कारण अधिवेशनाच्या मुदतीपलीकडे सदस्याला बाहेर ठेवणे म्हणजे त्याच्या मतदारसंघाला बाहेर ठेवणे होय. न्यायालयाचे म्हणणे रास्तच होते. परंतु न्याय करायचा तर संपूर्णच करावा: सप्टेंबर २०२० मध्ये संसदेच्या पावसाळी अधिवेशनातही प्रश्नोत्तराचा तास वगळण्यात आला होता, केवळ लेखी उत्तरांचे अतारांकित प्रश्न ठेवले गेले. तारांकित प्रश्न आणि अतारांकित प्रश्न यांत अंतर पुरवणी प्रश्नाचे असते. मंत्र्याने वाचून दाखवलेल्या उत्तरावर उभे राहून ‘पण मग…’ असे म्हणण्याचा अधिकार म्हणजे पुरवणी प्रश्न, आणि ‘हे अंशतः खरे आहे’ या उत्तरातील उरलेला अंश कोणता, हे बाहेर येते ते तेथेच.

परिवहनाची कथा याच वर्षी समांतर चालली होती. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी पहिली गाडी धावली, तेव्हापासून एसटी हा महाराष्ट्राच्या ग्रामीण जीवनाचा कणा आहे, हे वाक्य भाषणांत इतक्यांदा येऊन गेले आहे की त्यातील सत्य कोणाला जाणवेनासे झाले आहे. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस कर्मचाऱ्यांनी आंदोलन सुरू केले आणि दिवाळीत राज्यातील सुमारे अडीचशे आगारांची चाके थांबली. पगार वेळेवर होत नव्हता, तो मुळात तुटपुंजा होता, कित्येक कर्मचाऱ्यांनी आत्महत्या केल्या होत्या. मागणी एकच राहिली: महामंडळाचे शासनात विलीनीकरण. आमदार गोपीचंद पडळकर आणि सदाभाऊ खोत आझाद मैदानावर जाऊन बसले. परिवहनमंत्री अनिल परब यांनी २४ नोव्हेंबरला पगारवाढ जाहीर केली, संप तरीही चालूच राहिला. विलीनीकरण शक्य नाही, असा अहवाल त्रिसदस्यीय समितीने दिला आणि तो २०२२ च्या मार्चमध्ये विधिमंडळात मांडला गेला. एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाने दिलेल्या मुदतीत कर्मचारी कामावर परतले. पाच महिन्यांहून अधिक काळ गावोगावची गाडी बंद होती. याच काळात आरोग्य केंद्रांतील किती रुग्ण मध्येच औषधोपचार सोडून बसले, असा प्रश्न कोणाच्याही यादीत नव्हता. तो विचारायचा तर दोन मंत्र्यांना एकत्र विचारावा लागला असता आणि तशी रीत नाही.

२०२२ च्या जूनअखेर सरकार बदलले. कालचे प्रश्नकर्ते उत्तरे देणारे झाले. विलीनीकरण झाले नाही. ते व्यवहार्य होते की नव्हते, हा वेगळा वाद आहे, आणि समितीचा अहवाल वाचल्यास ‘नव्हते’ या बाजूचे वजन लक्षात येते. पण मग आझाद मैदानावर कर्मचाऱ्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्या मागणीत वारा भरणे कितपत प्रामाणिक होते? नव्या सरकारने ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास मोफत केला, मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे भाडे केले. गाड्या बायाबापड्यांनी भरून वाहू लागल्या. माहेर जवळ आले, बाजार जवळ आला आणि दवाखानाही जवळ आला. या निर्णयाचे स्वागत करायलाच हवे. मात्र सवलतीची रक्कम शासनाने महामंडळाला वेळच्या वेळी द्यावी लागते, आणि गाड्यांची संख्या वाढवावी लागते. नाही तर सवलत मिळते आणि गाडी मिळत नाही. २०२५ च्या जानेवारीत भाडेवाढ झाली, १४.९५ टक्के. त्याच वर्षी जूनमध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी महामंडळाची श्वेतपत्रिका काढली, तेव्हा संचित तोटा दहा हजार कोटींच्या वर गेल्याचे अधिकृतपणे समोर आले. मंत्र्याने आपण होऊन आपल्या खात्याची जखम उघडी करून दाखवणे, हे आपल्याकडे दुर्मीळ आहे. श्वेतपत्रिका म्हणजे न विचारलेल्या प्रश्नाला दिलेले उत्तर. विरोधकांनी त्या दस्तऐवजाचे पान न् पान पुरवणी प्रश्नांसाठी वापरायला हवे होते. त्याऐवजी एकदोन दिवस टीका झाली आणि श्वेतपत्रिका कपाटात गेली.

आरोग्य खात्यातही भूमिका अशाच उलटल्या. २०२३ च्या ऑगस्टमध्ये ठाणे महापालिकेच्या कळवा रुग्णालयात एका दिवसात अठरा रुग्ण दगावले; ठाणे हे तर तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांचे शहर. ऑक्टोबरच्या पहिल्या दिवसांत नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस मृत्यू झाले, त्यांत बारा नवजात बालके होती. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. आता प्रश्न विचारण्याची पाळी महाविकास आघाडीची होती आणि तिने ते विचारले: औषधे का नव्हती, पदे का भरली नव्हती? उत्तर देणाऱ्यांनी सांगितले की मृतांतील अनेक जण अखेरच्या अवस्थेत खासगी रुग्णालयांतून पाठवले गेले होते. हे खरे होते. अंशतः. औषधखरेदीचे काम २०१७ मध्ये हाफकिनच्या महामंडळाकडे सोपवले गेले, ते काम त्याला पेलले नाही, २०१९ नंतर आलेल्या सरकारने अडीच वर्षांत ती व्यवस्था मोडली नाही आणि सुधारलीही नाही, शेवटी २०२३ मध्ये स्वतंत्र खरेदी प्राधिकरणाचा कायदा झाला. या साखळीत प्रत्येक पक्षाचा एकेक दुवा आहे. म्हणून औषधांच्या प्रश्नावर सभागृहात ‘तुमच्या काळात काय झाले’ हे वाक्य दोन्ही बाजूंनी उच्चारले जाते, आणि दोन्ही बाजू खरे बोलत असल्याने चर्चा तेथेच खुंटते.

नांदेडच्या त्या दिवसांत आणखी एक प्रकार घडला. सत्तारूढ शिवसेनेचे खासदार हेमंत पाटील रुग्णालयात गेले आणि त्यांनी प्रभारी अधिष्ठात्यांना स्वच्छतागृह साफ करायला लावले. चित्रफीत सर्वत्र पसरली, पुढे खासदारांवर गुन्हाही नोंदवला गेला. रुग्णालयातील अस्वच्छतेचा संताप समजण्यासारखा आहे. पण सफाई कामगारांची पदे भरण्याचा अधिकार अधिष्ठात्याकडे नसतो, औषधांचा निधी त्याच्या सहीने सुटत नाही. लोकप्रतिनिधीला प्रश्न विचारण्यासाठी लोकांनी सभागृहात पाठवलेले असते आणि तेथे उत्तर देण्यास बांधील असतो तो मंत्री. जो प्रश्न मंत्र्याला विचारायचा तो हाताखालच्या माणसाला, तोही कॅमेऱ्यासमोर विचारला, की मंत्री मोकळा होतो. भंडाऱ्यात परिचारिका, नगरला परिचारिका, नांदेडला अधिष्ठाता. जबाबदारीचा हा उतार प्रत्येक वेळी खालीच वाहतो.

महाराष्ट्राला प्रश्न विचारणाऱ्यांची परंपरा नाही, असे मुळीच नाही. १९५७ साली मावळातून निवडून आलेले जनसंघाचे रामभाऊ म्हाळगी संख्येने नगण्य अशा पक्षाचे प्रतिनिधी होते. आपण सभागृहात काय केले याचा वार्षिक अहवाल छापून मतदारांपुढे ठेवण्याची शिस्त त्यांनी स्वतःला लावून घेतली होती. अहवाल छापायचा तर मागील वर्षीच्या प्रश्नाचे पुढे काय झाले, ते लिहावे लागते. समाजवादी मृणाल गोरे पाणी आणि महागाई या ‘क्षुल्लक’ विषयांवर मंत्र्यांना घाम फोडीत. शेतकरी कामगार पक्षाचे गणपतराव देशमुख सांगोल्याहून अकरा वेळा निवडून आले आणि जन्मभर एसटीने प्रवास करीत राहिले. ३० जुलै २०२१ रोजी ते गेले, तेव्हा त्यांच्या साधेपणाचे गोडवे सर्वांनी गायले. पण त्यात साधेपणापेक्षा अधिक काही होते. कोणत्या आगाराची गाडी मार्गात बंद पडते, वाहक का चिडलेला असतो, बसस्थानकातील नळ किती दिवस कोरडा आहे, याची माहिती त्यांना अधिकाऱ्याकडून घ्यावी लागत नसे. या तिघांची विचारसरणी परस्परांपासून कोसो दूर. प्रश्नाचा पाठपुरावा करण्याची पद्धत मात्र एकाच शाळेतील वाटावी.

पाठपुराव्यासाठी विधिमंडळाने स्वतःच एक व्यवस्था करून ठेवली आहे, तिचे नाव आश्वासन समिती. मंत्री सभागृहात ‘चौकशी करण्यात येईल’, ‘तीन महिन्यांत पदे भरू’ असे जे बोलतो, ते टिपून ठेवायचे आणि पूर्ण झाले की नाही ते तपासायचे, हे तिचे काम. लोकसभेत आश्वासनपूर्तीसाठी तीन महिन्यांची मुदत आहे. सरकार बदलले म्हणून आश्वासन बुडत नाही, कारण ते पक्षाने दिलेले नसते, शासनाने दिलेले असते. भंडाऱ्यानंतरचे अग्निसुरक्षा परीक्षणाचे आश्वासन टोपे यांच्यासोबत गेले नाही. ते त्यांच्यानंतरच्या प्रत्येक आरोग्यमंत्र्याच्या टेबलावर आले. दुर्दैवाने या समितीचे सदस्यत्व कोणी मागून घेत नाही. तेथे कॅमेरे नसतात.

नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीने या विषयाला वेगळेच वळण दिले. २८८ जणांच्या विधानसभेत महायुतीच्या तीन प्रमुख पक्षांना मिळून २३० जागा मिळाल्या. विरोधातील एकाही पक्षाला दहा टक्के, म्हणजे २९ जागा मिळाल्या नाहीत. शिवसेना (ठाकरे) २०, काँग्रेस १६, राष्ट्रवादी (शरद पवार) १०. विरोधी पक्षनेतेपदाचा दावा या संख्येवर अडला. मतदारांनी दिलेला कौल निःसंदिग्ध होता आणि त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. पण विरोधी बाकावर इतकी कमी माणसे असताना आरोग्य, परिवहन, पाणी, शाळा या प्रत्येक खात्याचा नेमाने अभ्यास करणारा एकेक सदस्यही तेथून मिळणे कठीण. प्रश्न मांडण्याचा अधिकार मात्र विरोधकांपुरता नाही. मंत्रिमंडळाबाहेरचा सत्तारूढ सदस्यही तारांकित प्रश्न देऊ शकतो, लक्षवेधी मांडू शकतो, अर्ध्या तासाची चर्चा मागू शकतो, आणि पुष्कळ जण तसे करीतही असतात. त्या २३० जणांत असे अनेक होते, जे २०२१ च्या जानेवारीत भंडाऱ्याच्या रुग्णालयाबाहेर उभे होते आणि नोव्हेंबरात आझाद मैदानावर. त्यांना नवा प्रश्न शोधायचा नाही. सर्व शासकीय रुग्णालयांचे अग्निसुरक्षा परीक्षण पूर्ण झाले आहे काय. असल्यास, आढळलेल्या त्रुटी किती रुग्णालयांत दूर झाल्या. नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?